कोरं मशीन

हातमोजे पाहिले तेव्हाच बाईंचं डोकं फिरलं.

पांढरे, सुती, मनगटाशी बटण असलेले. जुनी यंत्रं जमवणाऱ्या संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांनी ते खिशातून काढले, एकेक बोट नीट भरत घातले, आणि दुकानामागच्या अंगणात टेबलावर ठेवलेल्या खोक्याचं झाकण असं उचललं, की आत तान्हं मूल झोपलंय असं वाटावं. आत होतं मशीन. मोठाली झाडं पाडायचं, लांब पट्टीचं, नारिंगी रंगाचं चेनसॉ. बाईंच्या नवऱ्याने, मिस्त्रींनी, दुकान जोरात चालत होतं त्या दिवसांत मागवलेलं, आणि आल्यापासून पेट्रोलचा एक थेंबही न प्यायलेलं. टाकीवर कारखान्याने चिकटवलेला कागदी बिल्लासुद्धा जागचा हलला नव्हता.

मुठीवर कसलासा धागा बसला होता. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी तो बोटाने उचलला.

"अहो, हात नका लावू!" अध्यक्ष घाईने म्हणाले. माणूस तसा नम्र होता. "म्हणजे, त्वचेवर क्षार असतात ना. ठसा उठतो, आणि पुढे नेमका तिथेच गंज धरतो."

थोरली सून चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थबकली. थोरल्याने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने धाकट्याकडे, धाकट्याने जमिनीकडे. आई भडकणार हे तिघांनाही कळलं होतं. कुणावर, एवढंच ठरायचं बाकी होतं.

"माझ्या हाताने गंज धरतो," बाई म्हणाल्या. आवाज अजून खालीच होता. "हे खोकं ट्रकमधून कोणी उतरवलं माहीत आहे तुम्हाला? ह्याच हातांनी. हमाल आला नव्हता आणि मिस्त्री ड्रायव्हरशी गप्पा मारत उभे होते. घामाने भिजले होते मी तेव्हा. गंज धरायचा तर तेव्हाच धरला असता."

"आई, ते तसं म्हणत नाहीयेत," धाकटा पुटपुटला.

"कसं म्हणतायत ते कळतं मला. शाळा दोन इयत्ताच झाली, पण कान पूर्ण आहेत."

मिस्त्री गेले आणि वर्षभरात वाटणी झाली. दुकान थोरल्याकडे गेलं, वरचं घर बाईंकडे राहिलं, रस्त्याकडची जागा लेकीला आणि जुन्या बाजारातला गाळा धाकट्याला मिळाला. तिथे त्याचं चष्म्याचं दुकान होतंच. चमचे वाटले, खुर्च्या वाटल्या, मिस्त्रींच्या चपलांवरूनही थोडंसं झालं. वाटायचं राहिलं ते हे एक मशीन. त्याचं तिघांनी मिळून ठरवायचं, आणि नाही जमलं तर आई म्हणेल ते, असं तेव्हा बोलणं झालं होतं. तिघांचं कशावरच जमत नाही हे ठाऊक असूनही हे कसं मान्य केलं, याचं बाईंना पुढे पुष्कळ वेळा आश्चर्य वाटलं.

धाकट्याने ठरवूनच टाकलं होतं. त्याच्या घरी काचेच्या कपाटांतून जुनी मशीनं मांडलेली असत. दर रविवारी तो ती एकेक काढून पुसायचा. बहीण त्याला फडकं म्हणायची ते त्यावरूनच. हे मशीन मंडळाच्या दालनात कायमचं ठेवायचं, काचेत, वर दिवा सोडून, खाली पितळी पाटी. पाटी त्याने करूनही आणली होती. ती पिशवीत होती आणि पिशवी त्याने छातीशी धरली होती.

आणि लेकीला तेच मशीन कामाला हवं होतं.

झाडं पाडायचं काम ती कितीतरी वर्षं करत होती. बापाने तिला दुकानात हिशेबाला बसवायचं ठरवलं होतं. ती मागच्या दाराने अंगणात जाऊन लाकडं कापत बसायची. आता पाण्याच्या तलावाच्या बांधावरची जुनी, वाळलेली झाडं उतरवायचं काम तिला मिळालं होतं. फांद्या उतरवून झाल्या होत्या. खोडं मात्र अशी, की दोन माणसांनी कवेत घ्यावीत. तिच्याकडच्या मशीनची साखळी फिरायची पट्टी अर्ध्यातच बुडायची आणि अडकून बसायची. तेवढ्या लांब पट्टीचं मशीन आसपास एकाच ठेकेदाराकडे होतं आणि त्यालाच हे काम हवं होतं. "देतो की," तो हसत म्हणाला होता, "पण मशीनबरोबर मीही येतो, आणि मग काम माझं." उद्या, सोमवारी, खोड पडलं नाही तर काम आपोआपच त्याचं होणार होतं.

"चहा घ्या," थोरली सून म्हणाली आणि ट्रे टेबलावर ठेवायला गेली. अध्यक्षांनी खोक्यावर दोन्ही हात आडवे धरले. तिने ट्रे खाली फरशीवर ठेवला आणि सासूकडे बघितलंही नाही. वाटणीपासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं होतं, आणि काम दोघी शक्यतो निघू देत नसत.

"तुम्हाला राग आलाय," अध्यक्ष बाईंना म्हणाले, "पण माझं ऐकून घ्या. ह्या जातीची हजारो मशीनं निघाली. सगळी वापरली गेली, मोडली, भंगारात गेली. बरोबरच आहे, त्यासाठीच केली होती. पण कारखान्यातून ते निघालं तेव्हा नेमकं कसं होतं, कुठला स्क्रू होता, रंगाचा हात कसा होता, हे सांगणारं एक तरी कुठेतरी राहायला नको? एकदा पेट्रोल घातलं की संपलं. वापरलेलं हवं तेवढं मिळेल. कोरं पुन्हा करता येत नाही."

बाईंना यात थोडं तथ्य वाटलं, आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

"कोरं म्हणजे काय मोठं?" लेक म्हणाली. ती खोडाच्या ओंडक्यावर बसली होती, बुटांना भुसा लागलेला. "भूक न लागलेल्या माणसाने उपास केला म्हणून सांगावं, तसं. ह्याने काही केलेलंच नाहीये."

"ताई, तुला कळत नाही त्यात बोलू नकोस."

"मला कळत नाही? फडकं, तू आयुष्यात एक काडी तरी कापलीस का?"

"कापायला कशाला पाहिजे! दादा, तू सांग ना हिला."

थोरला ज्या बाजूला आरडाओरडा कमी त्या बाजूला राहायचा. आज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे त्याची पंचाईत झाली होती. "माझं म्हणणं वेगळंच आहे," तो म्हणाला. "ह्या जुन्या मशीनला साखळीचा ब्रेक नाही. आताच्या मशीनला मुठीपुढे असतो, पट्टी उसळली की साखळी जागच्या जागी थांबते. हे नाही थांबायचं. हिच्या मानेपाशी आलं तर मी काय करू?"

"बाबांच्या मशीनला कुठे होता ब्रेक? मी शिकले त्याच्यावरच."

"तेव्हा तुला कोणी शिकवत नव्हतं, तू चोरून शिकत होतीस."

"चोरून शिकलेलं जास्त पक्कं असतं."

थोरल्या सुनेला हसू आलं. ते तिने पदरात लपवलं, पण बाईंनी पाहिलं.

"हे बघा," धाकटा उभा राहिला. आवाज त्याचा कापत होता. हा मुलगा लहानपणीही भांडताना आधी रडायचा आणि मग बोलायचा. आता निदान क्रम बदलला होता. "वापरायचं की ठेवायचं हा प्रश्नच येत नाही. बाबांनी ठरवून ठेवलंय ते. आयुष्यभर त्यांनी हे मशीन जपलं. कितीजण आले, कितीजणांनी मागितलं, पण त्यांनी दिलं नाही. हे विकायचं नाही, म्हणायचे. ही दुकानाची इज्जत आहे. आपण सगळ्यांनी ऐकलंय ते. बाबांची इच्छा मोडायचा हक्क कोणालाच नाही. आईलासुद्धा नाही."

झालं. कुणावर ते ठरलं.

बाईंच्या डोळ्यांपुढे ते सगळं वर्ष उभं राहिलं. मिस्त्रींनी हे मशीन मागवलं ते डोंगरावरचं जंगल तुटणार होतं म्हणून. तिथली खोडं मोठी, म्हणून पट्टी मोठी. दोघा-तिघा ठेकेदारांनी तोंडी होकार भरला होता. बाई म्हणाल्या होत्या, आधी त्यांचा होकार पक्का करा. मिस्त्री म्हणाले होते, तू पोळ्या बघ. मशीन आलं आणि त्याच हंगामात डोंगरावरची तोड बंद झाली. ठेकेदार वाट वाकडी करून जायला लागले. मशीन दुकानात सगळ्यांना दिसेल असं पुढे मांडलेलं, आणि कोणी विचारेना. मिस्त्री त्या काळात जेवताना ताटाकडे बघत नसत.

मग एकदा कोणीतरी परगावचा माणूस आला आणि सहज म्हणाला, हे केवढ्याला? घेणारा नव्हताच तो, उगीच विचारत होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "हे विकायचं नाही." माणसाचे डोळे विस्फारले. त्याने मशीनला वाकून नमस्कार करायचंच काय ते बाकी ठेवलं. त्या दिवशी मिस्त्री पोटभर जेवले. आणि तेव्हापासून ते मशीन दुकानाची इज्जत झालं.

बाईंना सगळं दिसत होतं. नवऱ्याची फजिती त्याने स्वतःच झाकून घेतली आहे, तर आपण कशाला उघडी पाडा, म्हणून त्या गप्प राहिल्या. त्यांच्यासारख्या तोंडाच्या बाईने इतकी वर्षं एवढी एक गोष्ट गिळली होती, आणि त्याचं कोणाला काही नव्हतं.

"तुझ्या बाबांनी ते जपलं नव्हतं," बाई कडाडल्या. "खपलं नव्हतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे विकलं गेलं नाही! गिऱ्हाईक मिळालं नाही! नको तेवढं मोठं मागवलं, डोंगर बंद झाला, आणि हे गळ्यात पडलं. मग 'विकायचं नाही' म्हणायला काय जातं? दुकानाची इज्जत म्हणे! इज्जत झाकायला घेतलेली चादर होती ती, आणि तू तिची पूजा मांडून बसलायस!"

अध्यक्ष खोक्यापासून थोडे मागे सरले.

धाकट्याने छातीशी धरलेली पिशवी आणखी घट्ट आवळली. पण तो जे बोलला ते बाईंनी कल्पिलं नव्हतं.

"तू खोटं बोलतेयस," तो म्हणाला. "ताईला मशीन द्यायचं म्हणून."

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. "आई, बाबा असं कशाला करतील? मी दुकानात होतो की त्यांच्याबरोबर. त्यांचा जीव होता त्याच्यावर." आणि लेक, जिच्यासाठी हे चाललं होतं तीसुद्धा, हळूच म्हणाली, "आई, माझ्यासाठी बाबांवर कशाला काही घेतेस? मला तसं नको."

बाईंच्या अंगाची आग आग झाली. जन्मभर खरं बोलून त्यांनी सगळ्या गोतावळ्याशी वाकडं घेतलं होतं. नणंदांशी, जावांशी, ह्या पोरांशी. आणि एकच खोटं सांभाळलं होतं, तर नेमकं तेवढंच सगळ्यांना खरं वाटत होतं! मेलेला माणूस भिंतीवरच्या फोटोत हसत बसतो आणि जिवंत बाई अंगणात खोटी ठरते. संसार केला कोणी त्याच्याशी? ह्या काचवाल्यांनी?

"त्या खोटं बोलत नाहीत."

दारातून आवाज आला. थोरली सून. सगळे तिच्याकडे वळले, बाई सगळ्यांत शेवटी.

"मी काउंटरवर बसायचे तेव्हा," ती म्हणाली, "कोणी मोठा ठेकेदार येताना दिसला की मामंजी मला मागे पिटाळायचे. खोक्यावरची धूळ झटक म्हणायचे, पण झटकल्यासारखी दिसू देऊ नकोस. मग त्याला मागे आणून दाखवायचे. हे विकायचं नाही, म्हणायचे, आणि थांबायचे. तो म्हणेल, अहो द्या की, म्हणून. एकदा म्हणाला असता ना कोणी, तर त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकलं असतं. पण कोणी म्हणालंच नाही. सगळे म्हणायचे, वा, काय जपलंय! आणि नवी साखळी घेऊन निघून जायचे."

थोरल्याने डोक्याला हात लावला. "आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"मामंजींचं मी कशाला सांगू? आईंना माहीत नसेल असं वाटलं. कळलं तर त्यांना सोडतील का त्या, म्हणून गप्प बसले."

"मला माहीत नसेल!" बाई म्हणाल्या. "आणि मी तुझ्यापासून लपवत होते. तू बाहेर सांगत सुटशील म्हणून."

"मी कोणाला सांगणार होते? तुमच्याशिवाय बोलते कोणाशी मी?"

कधी नव्हे ते बाईंना हिच्याशी बोलायला काहीतरी सापडलं होतं, आणि आत्ता वेळ नव्हता.

धाकटा खुर्चीवर बसला. पिशवीतली पाटी त्याने बाहेर काढली, तिच्यावरची अक्षरं वाचली आणि उलटी करून मांडीवर ठेवली.

"मला रोज आणायचे इथे," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "शाळेतून आल्यावर. खोकं उघडायचे आणि म्हणायचे, बघ, पण हात लावायचा नाही. थोड्या वेळाने झाकायचे. मला वाटायचं, जगात ह्याच्याएवढं मोठं काही नाही. आणि मला वाटायचं, आपला ज्याच्यावर जीव आहे त्याला हात लावायचा नसतो. तेच मी शिकलो." त्याने मांडीवरच्या पाटीची कड अंगठ्याने पुसली. "घरातलं एकही मशीन मी कधी चालू केलेलं नाही."

बाईंना मिस्त्रींना पुन्हा जिवंत करून चार शब्द सुनवावेसे वाटले. गिऱ्हाईकांना थाप मारली ती मारली. बोलायचा धंदाच तो. पण पोराला कशाला? ह्या हळव्या पोराला तीच थाप रोज थोडी थोडी चाटवली, आणि तो त्यावरच वाढला!

लेक उठली. "मला सांगा," ती म्हणाली, "विकलं नाही की जपलं, ह्याच्याशी त्या खोडाला काय करायचंय? उद्या मला ते पाडायचंय. आई, द्यायचं की नाही?"

"द्यायचं," बाई म्हणाल्या. "काम आहे, मशीन आहे. ह्याउप्पर मला कोणी काही शिकवू नका."

अध्यक्षांनी उसासा टाकला. "निदान आधी फोटो काढू द्या. सगळे भाग, जसेच्या तसे. तेवढी तरी नोंद राहील."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. माणूस अगदीच टाकाऊ नव्हता. "काढा," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाजूंनी काढा. घाई करू नका."

फोटो झाले. थोरल्याने कव्हरचे स्क्रू काढले, पेट्रोलच्या नळीला चिमटीत धरलं, आणि नळीचा भुगा होऊन त्याच्या बोटांतून खाली पडला. त्याने कार्बोरेटर उघडला. आतला रबरी पडदा, जो पेट्रोल ओढतो, तो वाळलेल्या पानासारखा कडक झाला होता. बोट लावताच तडकला.

"संपलं," थोरला म्हणाला. "एवढी वर्षं नुसतं पडून. वापरलं असतं तर दर दोन-चार वर्षांनी बदलत गेलो असतो. आता हे भाग कुठे मिळायचे? आपल्याकडचे मीच भंगारात घातले."

"बघा!" बाई उसळल्या. "जपलं जपलं म्हणता, आतून मारून टाकलं त्याला!"

पण लेक आईकडे बघत नव्हती. ती टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे मशीनशेजारी मांडायला म्हणून धाकट्याने एक पाकीट आणून ठेवलं होतं. कारखान्याचं, सीलबंद, जाड प्लॅस्टिकमधलं. आत नळी, पडदे, गॅस्केटं, सगळं ह्याच मशीनचं.

"तो संच म्हणजे मशीनपेक्षा दुर्मीळ आहे," अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले. "कुठून कुठून शोधून मिळवलाय त्यांनी. आणि मशीनसारखा नाही, तो पेट्रोलच्या वाफेपासून दूर, गार अंधारात ठेवलेला. रबर अजून मऊ असेल."

मशीन बाईंच्या शब्दावर होतं. पाकीट नव्हतं. ते धाकट्याचं, त्याच्या कमाईचं. बाईंनी उभ्या आयुष्यात पोटच्या पोरांकडे काही मागितलं नव्हतं. हुकूम करायच्या नाहीतर स्वतः उठून करायच्या. आता त्यांनी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं:

"द्यायचं असेल तर दे, नाहीतर जा चष्मे पुसायला!"

"आई, तू गप बस," लेक म्हणाली.

मिस्त्रींची ही हिंमत झाली नव्हती. बाई आश्चर्यानेच गप्प झाल्या.

लेक भावासमोर उकिडवी बसली. "फडकं," ती म्हणाली, "मी मागत नाहीये. तुझं आहे ते. नाही म्हणालास तर मी हे मशीन तसंच तुझ्या कपाटात ठेवून येईन, आणि ठेकेदाराला काम देऊन टाकीन. कायमची रुसणार नाही. थोडे दिवस रुसेन. फक्त एक विचारते. ह्याचा आवाज कसा आहे, ते तुला ऐकायचंय का?"

धाकट्याने पाकीट उचललं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"फाडलं की फाडलं, ताई. पुन्हा शिवता येत नाही."

"माहीत आहे."

धाकट्याने पाकिटावरचं कारखान्याचं नाव एकदा वाचलं. मग त्याने दातांनी प्लॅस्टिकचा कोपरा फाडला.

"दादा, नळी तू नको घालूस," तो म्हणाला. "तू ओढून घालतोस. सरक."

त्यानंतर अंगणात जे झालं ते बाईंनी ओट्यावर बसून पाहिलं आणि त्यांना कुठेही नाव ठेवायला जागा मिळाली नाही. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणारी बोटं. पडदा बसवला तो एका झटक्यात, चुणी न पडू देता. कुठलं गॅस्केट आधी, कुठलं नंतर, तो कशाला बघायलाही थांबला नाही. कधी चालू न केलेल्या मशीनची आतली सगळी वाट त्याला पाठ होती. थोरल्याने पेट्रोलमध्ये तेल मिसळून आणलं. अध्यक्षांनी हातमोजे खिशात कोंबले आणि ते टॉर्च धरून उभे राहिले, मध्येच म्हणाले, "अरेच्चा, ही क्लिप उलटी येते होय! पुस्तकात चूक आहे," आणि मग त्यांना आपण कोणत्या बाजूचे हेही आठवेनासं झालं.

थोरला शिरस्त्राण आणि पायांवरची जाड संरक्षक पट्टी घेऊन आला. बहिणीने घातलं नाही तोवर त्याने मशीन सोडलं नाही. "पट्टीच्या टोकाने कापायचं नाही, उसळेल. ब्रेक नाही, लक्षात ठेव."

"दादा, तू हे दहाव्यांदा सांगतोयस."

"अकराव्यांदाही सांगीन."

ह्या दुकानातून मशीन नेणाऱ्याने पहिला काप इथेच, अंगणात, दुकानदारासमोर मारायचा अशी मिस्त्रींची पद्धत होती. नवखा असला तरी. चुकायचं ते इथे चुका, म्हणायचे. लेकीने पाय रोवले, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मशीन खोकल्यासारखं करून थांबलं. धाकट्याने वाकून चोक थोडा मागे केला आणि मान हलवली. तिसऱ्यांदा निळा धूर उठला आणि मग ते ओरडलं.

बाईंनी जन्मात शेकड्यांनी मशीनं ऐकली होती. असं नव्हतं ऐकलं. आताची मशीनं किरकिरतात. हे पोटातून बोलत होतं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, फरशीवरचे कप वाजले. लेकीने पट्टी ओंडक्यावर टेकवली आणि ती आत उतरत गेली, न अडखळता, दोन्ही बाजूंनी जाडजूड भुसा उडवत. सून कानांवर हात ठेवून हसत होती. थोरला काहीतरी ओरडून सांगत होता, बहुधा अकराव्यांदा.

आणि बाईंचा संताप पुन्हा उफाळून आला. हा आवाज घरात होता! इतकी वर्षं, त्यांच्याच पायांखाली, दुकानामागे, खोक्यात, तोंड दाबून. एका माणसाला 'चुकलो' म्हणता आलं नाही म्हणून. म्हणाला असता तर काय झालं असतं? स्वस्तात गेलं असतं, कोणीतरी वापरलं असतं, झिजलं असतं, संपलं असतं. मशीनसारखं जगून गेलं असतं. आणि मी? मी का नाही बोलले? त्याची लाज राखली, आणि कशाची राखली! ह्याचं श्रेय आता कोणाकडून घ्यायचं, भिंतीवरच्या फोटोकडून?

लेकीने मशीन बंद केलं. कानांत शांतता वाजत राहिली.

अध्यक्षांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मला हे कुठे सांगता येणार नाही," ते म्हणाले, "पण बरं वाटलं." मग धाकट्याला हळूच काहीतरी बोलले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गेले.

थोरला आणि सून मिळून मशीन रस्त्यावर लेकीच्या गाडीत नेऊन ठेवायला गेले. धाकटा ओंडक्याशी उभा राहिला. त्याच्या बोटांना पेट्रोल आणि तेल लागलं होतं, शर्टाच्या बाहीला भुसा. त्याने बोटं नाकाशी नेली.

"आई," तो म्हणाला, "आता ते कोरं राहिलं नाही."

बाईंना काहीतरी मायेचं बोलावंसं वाटलं. ते त्यांच्या तोंडाला सवयीचं नव्हतं. "तूही राहिला नाहीस," त्या म्हणाल्या. "बाही बघ तुझी."

त्याने बाही बघितली. झटकली नाही.

"फडकं!" रस्त्यावरून लेकीची हाक आली. "येतोस का उद्या? बांधावर बंद पडलं तर ती नळी कोण बघणार? दादाला दुकान आहे!"

धाकटा जागचा हलला नाही. त्याने आईकडे पाहिलं; शाळेतून आल्यावर, खोकं उघडायच्या आधी, बापाकडे बघत असेल तसं. परवानगीसाठी. एवढा बाप्या माणूस, चष्म्याच्या दुकानाचा मालक.

"माझ्याकडे काय बघतोस?" बाई खेकसल्या. "एक दिवस तुझं दुकान उघडलं नाही तर जग आंधळं होणार नाही. जा की!"